सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा बाप

यंदा दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आतच नागपुरात थंडी आली, आणि तिच्या मागोमाग मेट्रोच्या खांबांवर प्रशिक्षक उगवले. हाताची घडी, आवळलेला जबडा, नजर कुठेतरी वर, जणू छत गळत असावं. सीताबर्डीला स्कूटर लावायला जागा शोधत मी फिरते तेव्हा हे चेहरे माझ्याबरोबर फिरत राहतात. खाली लिहिलेलं असतं, ‘यंदाचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक कोण? आपलं मत नोंदवा.’ बास्केटबॉलची ती व्यावसायिक लीग हिवाळ्यात भरते आणि हिवाळ्याबरोबर संपते. थंडी पडली की लोकांना तुरीच्या शेंगा आठवतात, वांग्याचं भरीत आठवतं, पेटीत ठेवलेल्या रजया आठवतात. मला तो पुरस्कार आठवतो आणि माझ्या कपाळावर जी आठी पडते ती संक्रांत झाली तरी उतरत नाही.

पुरस्कार माझ्या धाकट्या भावाला मिळालेला आहे. त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायचा मला थोडा हक्क आहे, असं मी धरून चालते.

मुळात प्रशिक्षकाला पुरस्कार म्हणजे काय, हेच मला कधी नीट कळलेलं नाही. तो चेंडूला हात लावत नाही. कुणाच्या तरी रिसेप्शनला निघाल्यासारखा सूट घालून तो रेघेच्या कडेनं येरझारा घालतो, पंचांकडे पाहून दोन्ही हात पसरतो, टाइम-आउट घेतो आणि एका छोट्या पाटीवर बाण काढतो. ते बाण घामानं निथळणाऱ्या पोरांना किती समजतात कोण जाणे. संघ जिंकला की त्याची दूरदृष्टी, हरला की पोरांचा आळस. लीगमध्ये संघ मोजकेच, म्हणजे आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागायचाच. आमच्या सोसायटीत बायकांची भिशी असते, तसंच. फरक एवढाच की भिशीची चिठ्ठी निदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उचलतात, आणि जिला लागते ती स्टेजवर जाऊन रडत नाही.

खोटं कशाला बोलू, मुकुंदाला खेळ कळतो. लहानपणापासून कळतो. समोरचा कुठल्या खांद्यावर झुकणार हे त्याला आधी दिसायचं. बाबांना मात्र खेळातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. आमचे बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनीच. भोसल्यांच्या काळापासून आमच्याकडे दुसऱ्याचे हिशेब नीट लिहिण्याचं काम चालत आलं. खेळ ही गोष्ट घरात आली ती मुकुंदापासून. आणि ती आली तेव्हा बाबांनी एवढंच केलं की तिला बसायला जागा दिली.

हिवाळ्याच्या संध्याकाळी कचेरीतून आले की चहाचा कप उभ्यानंच तोंडाला लावायचे. कान झाकणारी टोपी चढवायचे, मोपेड काढायचे. मागे मुकुंदा, आणि त्या दोघांच्या मधे चेंडू. बाबांच्या पाठीला आणि मुकुंदाच्या पोटाला दाबून धरलेला, त्याला वेगळं धरायलाच लागायचं नाही. कधी कधी मीही जायची, पुढे पाय आखडून उभी. धंतोलीकडच्या त्या मैदानावर सिमेंटचं कोर्ट होतं, दोन पिवळे दिवे होते आणि दिव्यांभोवती किडे. बाबा पायरीवर बसायचे. गार सिमेंटवर बुडाखाली वर्तमानपत्र, मांडीवर मुकुंदाचा स्वेटर. खेळ संपला, की घाम सुकायच्या आत तो त्याच्या डोक्यातून खाली ओढायचे. एवढ्यासाठी ते थांबायचे. स्वेटर घालण्यासाठी.

नियम ते हळूहळू शिकले. कचेरीतल्या मित्रांना सांगायचे, “चेंडू हातात घेऊन पावलं टाकत गेला की गुन्हा असते बरं. आपटत गेला तं माफ.” मित्र हसायचे. “मंग आपण सारेच गुन्हेगार,” असं कुणीतरी म्हणायचं, आणि बाबा घरी येऊन तो विनोद आम्हाला पुन्हा सांगायचे.

आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या भिंतीला बाबांनी ग्रिलवाल्याकडून वाकवून घेतलेली एक लोखंडी रिंग बसवली होती. दुपारभर धप्‌ धप्‌. भिंतीच्या पलीकडे धोटेवहिनी राहायच्या. त्यांच्या देवघरातल्या फ्रेमा हलायच्या. त्या भांडायला आल्या की बाबा आधी ऐकून घ्यायचे. मग आईनं केलेल्या सांबारवड्या बशीत घेऊन स्वतः त्यांच्याकडे जायचे आणि म्हणायचे, “पोरगं खेळून राहिलं वहिनी, चोरी तं नाही करून राहिलं.” सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि थंडीतल्या कोथिंबिरीच्या त्या वडीपुढे धोटेवहिनींचा राग टिकत नसे. पुढच्या आठवड्यात पुन्हा फ्रेमा, पुन्हा बशी.

हे सगळं मी इतकं तपशिलानं सांगते आहे, कारण याचा पुढे कुणीही पिक्चर काढला नाही.

तो हिवाळा मला दिवसागणिक आठवतो. मुकुंदाची मुलगी सई तेव्हा पाळण्यात होती. नागपूरचा संघ आदल्या वर्षी तळाला गेला होता, मुख्य प्रशिक्षक सोडून गेला आणि सहायक असलेल्या मुकुंदाला त्याच्या जागी बसवलं गेलं. आणि संघ जिंकायला लागला. पंजाबकडून आलेला एक उंच मुलगा होता, त्याच्या हातात रिंगजवळचा चेंडू खेकड्याच्या नांगीत सापडल्यासारखा अडकायचा. अमरावतीचा एक बुटका पोरगा होता, तो मैदानभर पास असे वाटायचा की पाहणाऱ्याला आधी कळायचंच नाही चेंडू गेला कुठे. मुकुंदानं त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं. हे त्याचं काम, आणि ते त्यानं चांगलं केलं. इथवर मी त्याच्या बाजूनं आहे.

शहर वेडं झालं. ज्यांनी जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता ते मला दवाखान्यात येऊन ‘आपलं रिबाउंडिंग कमी पडतं’ असं सांगू लागले. मी धंतोलीत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. यवतमाळपासून, गडचिरोलीपासून माणसं दुखरे गुडघे घेऊन येतात. त्या थंडीत गुडघा दाखवायच्या आधी लोक सामन्याचे पास मागायचे.

मग एक दिवस संघाचा प्रसिद्धीवाला आमच्याकडे आला. रोहन त्याचं नाव. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, जो बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतला. बरोबर कॅमेरेवाले, दोन मोठे दिवे, आणि एक मुलगी जिचं काम आईच्या तोंडाला पावडर लावणं एवढंच होतं. पुरस्कारासाठी मुकुंदाचं नाव पुढे होतं आणि समारंभात दाखवायला एक छोटी फिल्म हवी होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना वाटलं खेळाविषयी विचारतील.

“काका, तुमचा स्ट्रगल सांगा,” रोहन म्हणाला.

बाबांनी विचार केला. “थंडीत मोपेड लवकर चालू नोती होत,” ते म्हणाले.

“ते नाही. म्हणजे… घरची परिस्थिती. कधी उपाशी झोपलात का?”

“काहून उपाशी झोपू गा? सरकारी नोकरी होती माही.”

“मग खेळाला विरोध वगैरे? घरात भांडणं?”

“विरोध करून काय करतो? त्याले आवडे, तो खेळे.”

रोहननं कॅमेरेवाल्याकडे पाहिलं. कॅमेरेवाल्यानं घराकडे पाहिलं: पडदे, फ्रिज, टीव्हीवर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी रोज पाहते; दूर गावाहून आलेल्या पेशंटला तपासून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगितलं की त्याचा चेहरा असाच पडतो. त्यांनी चहा घेतला, आईला ‘खूप छान घर आहे’ असं दुःखानं सांगितलं आणि दिवे गुंडाळून निघून गेले. आई म्हणाली, “बरं झालं लवकर आटपलं.”

समारंभ वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात होता. बाबांनी निवृत्तीच्या दिवसासाठी शिवलेला कोट काढला. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. स्टेजवर धूर सोडत होते, सूत्रसंचालक इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलत होता, आणि संघमालक, ज्याच्या इमारती सगळ्या दक्षिण नागपुरात उभ्या आहेत, पहिल्या रांगेत सोफ्यावर पसरला होता. मुकुंदाचं नाव जाहीर झालं. टाळ्या. मग दिवे गेले आणि फिल्म सुरू झाली.

कुठल्या तरी रुळाकाठच्या झोपडीत एक पोरगं. फाटका बनियन. आई परक्यांच्या घरी भांडी घासते आहे. बाप झिंगत येतो, हातात बाटली. पोराच्या हातातला चेंडू हिसकावतो, त्याच्या कानफटात देतो आणि चेंडू विहिरीत फेकतो. सारंगीसारखं काहीतरी वाजतं. मागून जाड आवाज: ‘वडिलांनी त्याचा चेंडू फेकला. त्याचं स्वप्न त्यांना फेकता आलं नाही.’ आणि मग खराखुरा मुकुंदा, सूटमध्ये, हाताची घडी.

सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. मी बाबांकडे पाहिलं. पिक्चर पाहताना असायचा तसाच त्यांचा चेहरा होता, त्या पोराची काळजी लागलेला. त्यांना अजून कळलंच नव्हतं. आईला कळलं होतं. तिनं पदर घट्ट ओढून घेतला होता.

मुकुंदा माइकपाशी गेला. आवंढा गिळला. माझ्या सख्ख्या भावाचा आवंढा मला ओळखू येतो. तो आवंढा खरा होता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तो हिंदीत म्हणाला, “आज मेरे पिताजी यहाँ बैठे हैं. मैं सबके सामने कहना चाहता हूँ… बाबा, मैंने आपको माफ किया.”

टाळ्यांचा असा कडकडाट मी नागपुरात कधी ऐकला नाही. सूत्रसंचालक ओरडला, “कहाँ हैं बाबा? काका, वरती या ना, प्लीज!” दिव्याचा एक गोल झोत रांगांवरून सरकत आला आणि बाबांच्या कोटावर थांबला. सगळ्यांच्या माना वळल्या. आणि बाबांनीही मान वळवली. ते मागे पाहू लागले. मागच्या रांगेत, त्याच्या मागच्या रांगेत, सगळ्यांबरोबर तेही शोधत होते, तो बाप कुठे बसला आहे.

कानाला माइक लावलेली एक मुलगी वाकून म्हणाली, “सर, तुम्हालाच बोलावतायत.”

“मले नाही बाई,” बाबा तिला समजावून सांगू लागले. “तो पिक्चरमधला दारू पिते. तो दुसरा कोणी असंल. मागं पाहा.”

“सर, प्लीज.”

तेव्हा त्यांना कळलं. कळताना मी पाहिलं. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, उठण्यासाठी ठेवतात तसे, आणि उठले नाहीत. झोत तसाच होता. संगीत चालू होतं. मुकुंदा स्टेजच्या कडेला येऊन हात पसरून उभा होता आणि बाबा समोर कुठेतरी पाहत बसून राहिले. मला वाटलं, आता होईल काहीतरी. आता निदान शांतता पसरेल, कुणाच्या तरी लक्षात येईल. पण त्या धंद्यातल्या माणसांच्या हातून काही निसटत नाही. सूत्रसंचालक घोगऱ्या आवाजात म्हणाला, “काकांना भावना अनावर झाल्यात. पश्चात्तापाला शब्द नसतात.” आणि अख्खं सभागृह उभं राहिलं आणि माझ्या बापाच्या पश्चात्तापासाठी टाळ्या वाजवू लागलं.

घरी जाताना ऑटोत आई फक्त एकदा म्हणाली, “भांडी घासली म्या. पण माह्याच घरची घासली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदा ट्रॉफी घेऊन आला. काचेची ज्योत आणि तिच्यात अडकलेला सोनेरी चेंडू. त्यानं ती टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर ठेवली आणि पाया पडायला वाकला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत. ते तसले नाहीत.

“मनावर नका घेऊ बाबा,” तो म्हणाला. “मार्केटिंग असते ते. त्यांनी बनवलं, मले आदल्या दिवशी दाखवलं.”

“तू पायलं होतं?”

“आता ऐन वेळी कसं बदलणार? आणि लोकांले स्टोरी लागते.”

बाबांनी थोडा वेळ ट्रॉफीकडे पाहिलं. “मी तुले मारलं का कधी?”

“नाही न बाबा.”

“मंग माफ कायचं केलं?”

मुकुंदा हसला. लहान मुलानं अवघड प्रश्न विचारला की मोठी माणसं हसतात, तसं. “तुमाले नाही समजणार ते,” तो म्हणाला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, “ते उचल आणि तुह्या घरी ठेव.” त्यानं ट्रॉफी उचलली. जाताना माझ्याकडे पाहून पुटपुटला, “ताई, तुले तं कधीच माही खुशी पाहवली नाही.” चपला घालणाऱ्या माणसाशी दारात काय वाद घालायचा.

पुरस्काराचा मान मुकुंदाला मिळाला आणि त्याचा प्रसाद बाबांना. फिल्म फोनाफोनांतून फिरली. मनीषनगरच्या बागेत संध्याकाळी बाकावर बसणारी मंडळी बाबांशी अचानक हळू आवाजात बोलू लागली. भाजीवाल्याकडे एक बाई त्यांना म्हणाली, “जाऊ द्या काका, आता सुधरले न तुमी, तेच मोठं.” बाबा तिला म्हणाले, “मी पेतच नोतो बाई.” ती समजुतीनं मान हलवत राहिली. नंतर मला कळलं, दारू सुटलेला माणूस हेच म्हणतो, अशी लोकांची समजूत आहे. एका व्यसनमुक्ती मंडळाचे दोघे जण घरी आले, शाल-श्रीफळ घेऊन. त्यांना बाबांचा अनुभव ऐकायचा होता. बाबांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे अनुभव नाही. ते म्हणाले, काही हरकत नाही, तयारी झाली की कळवा. शाल ठेवून गेले. आई ती शाल आमच्या गल्लीत झाडणाऱ्या बाईला देऊन आली.

दवाखान्यात माझ्या टेबलावर झोपलेला वणीकडचा एक माणूस गुडघ्याला शेक घेता घेता मला ती फिल्म दाखवत होता. “पाहा मॅडम, बाप असा होता तरी पोरगा घडला. नाहीतर आमी, पोरासाठी मरमर मरतो आणि पोरगा दिवसभर मोबाईल चोळते.” मी त्याला सांगितलं, पाय सरळ ठेवा.

त्या हिवाळ्यापासून मी याचा विचार करते आहे. चांगल्या बापाचा पिक्चर निघत नाही, कारण त्यात काही घडत नाही. तो वेळेवर येतो, वेळेवर थांबतो, स्वेटर घालतो, शेजारणीला बशी नेऊन देतो. हे कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला फेकलेला चेंडू दिसतो. वर्षानुवर्षं कुणी फेकलाच नाही असा चेंडू दिसत नाही. आणि आपले लोक, सोफ्यावरचे, चौथ्या रांगेतले, फोन हातात धरून गुडघा शेकणारे, सगळे त्या फेकलेल्या चेंडूसाठी आसुसलेले. कुणाच्या तरी बापाला नालायक ठरवल्याशिवाय यांना एक दिवस उत्साह वाटत नाही. या लोकांची मला दया यायला हवी. येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पंजाबचा उंच मुलगा दुसऱ्या संघाकडे गेला, अमरावतीच्या पोराचा खांदा निखळला, आणि आमचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक सामन्यामागून सामने हरला. लीग संपायच्या आधीच संघमालकानं त्याला फोनवर सांगितलं, येऊ नको. त्या वर्षीचा पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. त्याच्या फिल्ममध्ये भाऊ तुरुंगात होता. मुकुंदा घरी येऊन चार दिवस पडून राहिला. बाबा रोज त्याच्याजवळ जाऊन बसायचे.

मग त्याला नवा रस्ता सापडला. कॉलेजांमधून, कंपन्यांमधून तो भाषणं द्यायला लागला: ‘शून्यातून शिखराकडे.’ मी एकदा मागे जाऊन बसले होते. फिल्ममध्ये एक थप्पड होती. भाषणात पट्टा आला होता. पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितलं की आता उंबऱ्याबाहेर काढलेली एक पावसाळी रात्रही आहे. मनीषनगरमध्ये बसून, बिनसाखरेचा चहा घेत, आमचे बाबा दरवर्षी थोडे जास्त प्यायला लागले.

आणि परवाचा रविवार. थंडी चांगली पडली होती, आईनं तुरीच्या दाण्यांची आमटी केली होती, बाल्कनीतलं ऊन जेवणाच्या टेबलापर्यंत आलं होतं. मुकुंदा सईला घेऊन जेवायला आला होता. सई आता दुसरीत आहे. ती नेहमी बाबांच्या शेजारची खुर्ची धरते. त्या दिवशी ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. बाबांनी शेजारच्या खुर्चीवर थोपटलं. ती आली नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “आमच्या मिसनी वर्गात पप्पाचा पिक्चर दाखवला.”

आईच्या हातातली पळी थांबली.

“तुम्ही पप्पाचा बॉल फेकला होता?”

बाबा मुकुंदाकडे पाहत नव्हते, ते सईकडे पाहत होते. मी मुकुंदाकडे पाहत होते. तो भाकरीचा तुकडा मोडत होता, त्याचा आणखी तुकडा, त्याचा आणखी.

“मुकुंदा,” मी म्हणाले, “पोरगी विचारून राहिली. सांग तिले.”

सई बापाकडे वळली. “पप्पा, खरं आहे ना? अन्वी म्हणाली पिक्चरमधलं सगळं खोटं असतं. मी म्हटलं माझे पप्पा खोटं नाही बोलत. मी तिच्याशी कट्टी केली.”

मुकुंदानं तोंड उघडलं. मी त्याला वेळ दिला. आम्ही सगळ्यांनीच दिला, आईनं, बाबांनीही. एक वाक्य लागणार होतं, पोरीला पेलेल असं एक साधं वाक्य, आणि ते बोलायला त्याच्यासमोर ना कॅमेरा होता ना माइक. त्यानं तोंड मिटलं.

“खरं आहे बेटा,” बाबा म्हणाले. “फेकला होता.”

“विहिरीत?”

“हाव. विहिरीत.”

“आणि मारलं पण?”

“मारलं.”

“अहो,” आई म्हणाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते सईच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो आधी भीतीनं आवळला गेला, आणि मग सैलावला, बापावरचा भरवसा परत जागेवर बसल्यामुळे. हे त्यांना हवं होतं. मी त्यांना ओळखते.

“मग तुम्ही पप्पाला सॉरी म्हटलं का?” सईनं विचारलं.

“राहून गेलं.”

“मग आता म्हणा. आमच्या वर्गात म्हणावंच लागतं.”

बाबांनी उष्टा हात ताटाच्या कडेला टेकवला, डाव्या हातानं नॅपकिन घेऊन ओठ पुसले आणि खुर्चीत थोडे सरळ झाले. कचेरीत साहेबासमोर उभे राहताना ते असेच सरळ होत असतील.

“मुकुंदा,” ते म्हणाले, “सॉरी बरं का.”

मी माझ्या भावाकडे पाहत राहिले. अजूनही मला वाटत होतं, आता.

“इट्स ओके, बाबा,” मुकुंदा म्हणाला, आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.